खुणेची पूड

— नाही नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, या खुर्चीत बसा. मोबाइल चालू राहू दे, त्याने काही होत नाही, फक्त त्याचा उजेड भिंगाकडे जाऊ देऊ नका म्हणजे झालं. आणि घड्याळ बघू नका, अर्धा तास लागणारच — लेझर लावला की लगेच कामाला लागत नाही, आधी स्थिर व्हावा लागतो. तर काय म्हणत होते मी? हां, रजिस्टर. दाखवते की, रजिस्टर कुठे पळून जातंय? आधी यंत्र बघा. समितीतले बाकीचे चौघं येऊन गेले, रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले, चहा घेतला आणि गेले — यंत्राकडे एकानेही मान वळवली नाही. उद्या तुमची बैठक, उद्या त्या मुलीची पदवी काढून घेणार, आणि कशावरून, तर दोन कागद शेजारी ठेवून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच. रागावू नका, तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही कायदा शिकवणारे, तुम्हाला यातलं काही कळायची सक्ती नव्हती, तरी निदान आलात.

मुंगी म्हणायचो आम्ही तिला. खरं नाव तुमच्या कागदात आहेच, ते माझ्या तोंडात बसत नाही. एवढीशी, आणि सारखी काहीतरी वाहून नेत असायची — कुप्यांचा ट्रे, वह्या, कोणाची तरी विसरलेली छत्री. पाच वर्षं मोठ्या सरांच्या हाताखाली संशोधन केलं तिने, त्यातली चार या खोलीत. मी हे यंत्र चालवते, एकतीस वर्षं झाली — म्हणजे आधी जुनं होतं, मग हे आलं — पण मला मावशी म्हणणारी ती पहिलीच. बाकीचे बाई म्हणतात, नाहीतर नुसतंच ‘ऑपरेटर आहेत का?’ आणि आता समिती म्हणते, तिने मोजणीच्या फाइली बदलल्या, खोटा आलेख छापला. तिने? अहो, एकदा माझी एक कुपी तिच्या हातून फुटली, तर कपाटावर माफीची चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, कोणी मागितली नसताना. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? — चोर कोण म्हणजे? चोर कोणी नाही हो, म्हण आहे ती. तुमच्याशी बोलायचं म्हणजे म्हणीसुद्धा तोलून वापरायला हव्यात.

झाला बघा स्थिर. तो हिरवा ठिपका दिसतोय ना काचेखाली — वाकून बघू नका, डोळे जातील, इथे पडद्यावर बघा. ही तिची पूड. म्हणजे तशीच, काल मी तिची वही समोर ठेवून नव्याने केली. खाली पांढरी ॲल्युमिनाची पूड, आणि तिच्यावर व्हॅनेडियमचा ऑक्साइड, पातळसा, भिंतीला रंगाचा एक हात देतात तेवढाच. म्हणून अशी पिवळी दिसते. हा उत्प्रेरक — कारखान्यात दोन वायू एकमेकांकडे बघत नसले की हा मध्ये पडतो आणि त्यांचं जमवून देतो, स्वतः मात्र संपत नाही. आता आपण त्याच्यावर उजेड टाकला. बहुतेक उजेड गेला तसाच परत येतो. पण कोट्यवधीत एखादा कण रंग बदलून येतो, आणि किती बदलला त्यावरून कळतं की आत कोणता अणू कोणाचा हात धरून बसलाय. रामन परिणाम म्हणतात तो एवढाच. पडद्यावर रेघ चाललीय, आणि तिथे तिचा सुळका उठलाय, उंच — तो व्हॅनेडियम-ऑक्सिजनच्या जोडीचा. जोडी आहे तर सुळका आहे. एवढं कळलं तरी पुरे, पहिली दहा वर्षं मलाही तेवढंच कळत होतं.

आता हायड्रोजन सोडते. घाबरू नका, पातळ केलेला आहे, पेट घेत नाही. खालची ताटली चारशे अंशांवर आहे. पुडीकडे बघा आता, या छोट्या चौकोनात — पिवळी होती, मळकट झाली, राखाडी झाली, आणि ही काळपट निळी. हायड्रोजन तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतोय म्हणून. आणि रेघ बघा. सुळका उतरला ना? अजून उतरेल. थांबा थोडं, घाईचं काम नाही हे. — बघा, गेला. गेल्यातच जमा. आता तुम्हीच सांगा, काय वाटलं? जोड्या तुटल्या, संपल्या, असंच ना? मुंगीलाही तेच वाटलं आणि मोठ्या सरांनाही तेच वाटलं. वीस मिनिटांत सगळ्या जोड्या नाहीशा होतात असं त्यांनी लिहिलं, ते छापून आलं, बाहेरून अभिनंदनं आली, मुंगीला पदवी मिळाली. पण काळी पूड उजेड गिळते, सर. आत जातानाही गिळते आणि बाहेर येतानाही गिळते. बॅटरी पांढऱ्या भिंतीवर मारून बघा आणि काळ्या छत्रीवर मारून बघा. पिवळी असताना उजेड आतपर्यंत हिंडून येत होता, खोलवरच्या जोड्यांची खबर आणत होता. काळी पडली की वरच्यावर अडकतो. त्यात काळं तापतं जास्त, म्हणून लेझर मंद करावा लागतो, नाहीतर ठिपक्याखालची पूड करपते — म्हणजे खबर आणखी कमी. काही जोड्या तुटतात, ते खोटं नाही. पण निम्म्या जागच्या जागी असतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. घरातले दिवे गेले म्हणून घरातली माणसं मेली असं कोणी म्हणतं का? ही चूक आहे, सर, लबाडी नाही. भल्याभल्यांनी केलेली चूक आहे. हे लिहून घ्या, दोनदा लिहून घ्या.

मग ओळखायचं कसं, बरोबर विचारलंत. ही डबी बघा. बोरॉन नायट्राइड, अंगाला लावायच्या पावडरीसारखं गुळगुळीत, आम्ही खुणेची पूड म्हणतो. हिला हायड्रोजनने काही होत नाही, तापवलं तरी काही होत नाही, आणि हिचा स्वतःचा एक सुळका आहे, दुसऱ्या जागी. नमुन्यात ही चिमूटभर, वजन करून घालायची, आणि खलात चाळीस मिनिटं खलायची — चाळीस म्हणजे चाळीस, पस्तीस चालत नाहीत, एकसारखी मिसळत नाही. मग नमुना काळा पडला की हिचाही सुळका खाली येतो. आता हिच्यात तर काही तुटलेलं नाही, मग ती का उतरली? अंधारामुळे. ती जेवढी उतरली तेवढा वाटा अंधाराचा, आणि त्याच्या वर जे उतरलं ते खरं तुटलेलं. साधा भागाकार आहे, सातवीतला मुलगाही करेल. हा नियम या खोलीत मी आणला, वीस वर्षं झाली. मोठे सर तेव्हा मोठे नव्हते, नाक मुरडायचे, वेळ जातो म्हणायचे. मी म्हटलं, पूड घातल्याशिवाय काळा पडणारा नमुना माझ्या यंत्राखाली जाणार नाही. रजिस्टरमध्ये रकाना आखला तिच्यासाठी. पूड घातली की बरोबरची खूण.

— हो, माहितीय मला, तिथेच तर अडलंय सगळं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने हाच प्रयोग करून बघितला, खुणेची पूड घालून, तर निम्म्या जोड्या शिल्लक. त्यांनी पत्र पाठवलं, की तुमच्या लेखात लिहिलंय पूड घातली, मग तिचा सुळका दाखवा. मूळ फाइली काढल्या, तर सुळका नाही. रजिस्टर काढलं, तर खूण आहे. झालं — समितीने ठरवलं, सुळका असला तर मुंगीचं म्हणणं पडतं, म्हणून तिनेच फाइलीतून तो पुसला. मोठे सर म्हणाले ना तुमच्यासमोर, बाईंचं रजिस्टर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ? लेखातलं ते वाक्यही त्यांनी रजिस्टर बघूनच लिहिलं होतं, मुंगीला विचारलंसुद्धा नाही. आता असेल काही. डबी जुनी असेल. कधी कधी तिचा सुळका उठत नाही, हवा दमट असली की — उठतो म्हणता? कोणी सांगितलं तुम्हाला, काही होत नाही तिला म्हणून? मीच? आत्ता? बरं.

जरा पाणी पिते. तुम्हाला हवंय? तो पंप बंद करता येत नाही, नाहीतर या आवाजातून सुटका झाली असती, लेझर थंड ठेवतो तो. सवय झालीय म्हणा मला. तिच्या या मोजण्या चालल्या होत्या त्या दिवसांत तर या घरघरीत उभ्या उभ्या डोळा लागायचा माझा. आई होती ना माझ्याकडे, मांडीचं हाड मोडून, पंच्याऐंशी वर्षांची. दिवसभर एक बाई यायची तिच्यापाशी, ती साडेचारला निघायची म्हणजे निघायची, तिलाही तिचं घर. मी इथून चारला सुटले तर दारात आमची गाठ पडायची. दहा मिनिटं उशीर झाला की आई एकटी, आणि एकटी असली की उठायला बघायची, मोडलेल्या पायावर. अकरा आठवडे, सर. रात्री तासातासाने हाक — पाणी दे, कूस बदल, बाबा आले का बघ. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. भाऊ आहे मला, सख्खा, तो फोनवर सांगायचा, काळजी घे. आणि ही मुंगी रविवारी यायची घरी. कोणी बोलावलं नव्हतं. आईची नखं कापायची, केस विंचरायची, तिच्याकडून त्याच त्याच गोष्टी ऐकून घ्यायची आणि मला म्हणायची, मावशी, तुम्ही आतल्या खोलीत जाऊन दोन तास पडा. मी पडायची. तेवढीच काय ती माझी आठवड्याची झोप.

— येते हो मुद्द्यावर. मुद्द्यावरच आहे मी. त्या आठवड्यात तिचे सहा नमुने होते. सहा गुणिले चाळीस, चार तास नुसते खलण्यात. खलायचं काम माझं, तोही नियम माझाच, मुलांच्या हाती खल देत नाही मी, ती घाई करतात. बुधवार होता. मी इथेच टेबलाशी टेकले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तिने विचारलं. असं नाही की नाही विचारलं. खल धुऊन, पुसून, हातात घेऊन उभी होती. म्हणाली, “मावशी, पूड मी खलू का? तुम्ही नुसत्या बसा.”

आणि मी म्हटलं, “नको गं, एवढ्या तेवढ्याने काही अडत नाही. तशीच लाव.”

म्हटलं मी तसं. वीस वर्षं लोकांना डोस पाजले आणि त्या दिवशी म्हटलं. सहाही नमुने तसेच लागले, चारच्या आत संपले, मी साडेचारला घरी होते. आई झोपली होती त्या दिवशी, गंमत बघा, गाढ. तासभर थांबले असते तरी चाललं असतं, एखादा नमुना तरी पूड घालून झाला असता. उरलेले दुसऱ्या दिवशी नीट करता आले असते. पण मी त्याचा विचारही केला नाही पुन्हा, सुटले बाई एकदाची असं वाटलं आणि विसरून गेले.

— खूण? हां, मग खूण कुठून आली. विचारणारच तुम्ही, उगाच नाही कायदा शिकवत. उघडा रजिस्टर, निळी फीत आहे तिथे. फोटोत नाही कळत ते, पानावर बोट फिरवा. सोमवार, मंगळवार, बुधवार, खाली शनिवारपर्यंत — बाकीच्या रकान्यांत शाई बदललीय, अक्षर कधी गिचमिड, कधी नीट. या एका रकान्यात सगळ्या खुणा एका दाबाच्या, एका पेनाच्या, ओळीने. कळलं ना? मी सोमवारी सकाळीच करून ठेवायचे सगळ्या आठवड्याच्या. आधीची पानं चाळा, सगळी तशीच. कारण पूड घातली नाही असं कधी झालंच नाही हो, वीस वर्षांत एकदाही नाही, मग रोज उठून पेन शोधायचं कशाला? मुलांना मात्र शिकवायची, काम आधी, नोंद मागून. बुधवारी ती खूण खोडायला हवी होती. एक आडवी रेघ मारायची होती, बाकी काही नाही. आज तुम्हाला यंत्र दाखवायला बसवलं मी, म्हटलं उजेडाचं समजावून सांगितलं की चूक होती एवढं पटेल, पोरगी सुटेल आणि माझ्या रजिस्टरपर्यंत कोणी येणार नाही. हात दाखवून अवलक्षण.

फाइली तिने बदलल्या नाहीत. सुळका नव्हताच. पूडच नव्हती.

— तिला माहीत होतं? होतं की. तिच्यादेखतच झालं ना सगळं. लेख छापून आला तेव्हा धावत आली होती, की मावशी, यात लिहिलंय पूड घातली म्हणून, मी सरांना सांगू का? मीच म्हटलं, राहू दे, ती ओळ कोण वाचतं. मग पत्र आलं, चौकशी लागली. तुमच्यापुढे यायच्या आदल्या दिवशी आली होती इथे. काही मागितलं नाही तिने, आरोप नाही केला, नुसती म्हणाली, मावशी, उद्या मला विचारतील, काय सांगू? म्हणजे बघा, माझ्याकडेच मुखत्यारी दिली. मी काय सांगायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. खोटं बोल असं मी म्हटलं नाही, सर. शपथ घेऊन सांगते, तसं नाही म्हटलं. मी म्हटलं, “चार महिने राहिलेत गं माझे.” एवढंच. एकतीस वर्षांत नावावर डाग नाही आणि चार महिने राहिलेत निवृत्तीला. ती म्हणाली, “बरं, मावशी.” आणि जाता जाता मी तापत ठेवलेली ताटली बंद करून गेली, माझ्या लक्षातच नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर काय म्हणाली? आहे ना तुमच्या कागदात, वाचा. वाचा मोठ्याने. — हां. ‘मला आठवत नाही.’ त्या एका वाक्यावर खोटी ठरवलीत तुम्ही तिला. बरोबरच आहे तुमचं, पाच वर्षांचा प्रयोग कोण विसरतं? अहो, माझ्या आईची सकाळची कुठली गोळी, दुपारची कुठली, कुठली दुधातून आणि कुठली नाही, हे आई जाऊन दीड वर्ष झालं तरी तिला अजून पाठ आहे. परवा रस्त्यात भेटली. वाळलीय. मी बोलायला काही शोधत होते, आणि तिनेच मला विचारलं, मावशी, आता लागते का झोप?



लिहा. कागद आहे ना? नाहीतर हा घ्या, पाठकोरा आहे. लिहा की बुधवारी सहाही नमुन्यांत पूड घातली नव्हती, ऑपरेटरने नको म्हटलं, विद्यार्थिनीने विचारलं होतं. विचारलं होतं हे विसरू नका. लिहा की खूण सोमवारीच केलेली होती, आणि मोजणी पुन्हा नीट करून द्यायला मी तयार आहे, पूड घालून, सहाच्या सहा, वाटलं तर समितीसमोर. — उद्या? बैठकीत मी स्वतः येऊन सांगू? नाही, उद्या नको. मला मी चांगली माहीत आहे. रात्रीतून शहाणी होईन मी, सकाळी तुम्हाला सांगेन की काल थकले होते, काहीच्या बाही बोलले. मग तुम्ही काय करणार? माझं रजिस्टर चोख आहे, माझा शब्द चालतो इथे. म्हणून म्हणते, आत्ता लिहा.

असं बघू नका माझ्याकडे. दया नको आणि शाबासकी तर नकोच, दोन वर्षं उशीर झालाय. झालं लिहून? द्या इकडे. ‘अनवधानाने’ काय लिहिलंय हे? अनवधान कसलं, चांगली जागी होते मी. खोडा ते. हां. कुठे करू सही, इथे? ही घ्या. आता उठा तुम्ही, मला हायड्रोजन बंद करायचाय.